बारा उंदरांचा पोळा

हसायचं असेल त्यानं आत्ताच हसून घ्या, आणि चहाचा कप खाली ठेवा. कारण ही गोष्ट ऐकताना आमच्या स्नेहलच्या नाकातून चहा आला होता. मूर्खपणा माझा आहे, तेव्हा माझ्याच तोंडून ऐका. दुसरे सांगतात तेव्हा मीठमसाला घालतात, आणि मुळात या गोष्टीला मसाला कमी नाही. एक मसाला तर जरा जास्तच आहे. कळेल पुढं.

मी पार्बता. शिक्षण चौथी, तोंड मॅट्रिकच्या पुढचं. गाव सावली तालुक्यातलं, धानाचं. नवरा गेला त्याला पाच वर्षं झाली. बैलजोडी विकली, शेत दिराच्या हाती दिलं, पोरगी लग्न होऊन हैदराबादला. दर रविवारी तिचा फोन येतो.

"आई, जेवली का?"

"जेवली."

"बरं."

झालं! आठवड्याचं बोलणं संपलं.

म्हणून मी चंद्रपुरात खोली घेतली आणि काम धरलं. एका कॉलेजच्या मागच्या अंगाला एक लांबट इमारत आहे, तिला जनावरघर म्हणतात. वाघ-बिबटे समजू नका! ते आमच्याकडे बाहेर मोकळे फिरतात. या घरात उंदरं. पांढरी शुभ्र, लाल डोळ्यांची, अंगठ्याएवढी. त्यांचे पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा, पाण्याच्या बाटल्या भरायच्या. सारा जन्म धानाच्या कोठीतली उंदरं खराट्यानं मारण्यात गेला आणि पन्नाशीत उंदरांचीच चाकरी! देव पण हिशेब कसा चुकता करतो बघा.

त्यातली बारा उंदरं स्नेहलची. स्नेहल कोरपना गावची पोरगी. दवाखान्यातली डॉक्टर नाही, संशोधन करून डॉक्टर होतात तसली. बाराही माद्याच. तिनं प्रत्येकीच्या डाव्या मागच्या पायाच्या हाडात सुईनं कॅन्सर सोडलेला. सहा जणींना हाड वाचवायचं औषध द्यायची, सहा जणींना नुसतं मिठाचं पाणी. कोण कोणती ते कळावं म्हणून शेपटीवर निळ्या शाईच्या रेघा आणि ठिपके काढायची. तो त्यांचा नंबर. पिंजऱ्यावर कार्ड असायचं, तेही मराठीत, म्हणजे मला वाचता यावं. सात नंबरची एकटीच वेगळ्या पिंजऱ्यात होती. तिच्या कार्डावर लिहिलेलं, 'एकटी ठेवणे. चावते.'

पहिल्याच दिवशी मी स्नेहलला धरलं.

"काऊन गं पोरी, चांगल्या उंदराले कॅन्सर देऊन राह्यली? पाप नाई लागत तुले?"

ती चिडली नाही. एक्स-रेची फिल्म आणली आणि खिडकीशी उजेडात धरली. उंदराच्या पायाचं हाड. हाड कसलं, उधईनं खाल्लेली दाराची चौकट! जागोजागी भोकं.

"मावशी, हाडात दोन टोळ्या असतात," ती म्हणाली. "एक जुनं हाड पाडते, दुसरी नवं बांधते. आपल्या सगळ्याइच्या अंगात जन्मभर हेच सुरू असते. कॅन्सर सोता हाड नाई खात. तो येते अन् पाडणाऱ्या टोळीले चेतवते. पाडा, आणखी पाडा! हाड पडलं का त्यातून त्याचं खाणं सुटते. ते खाऊन तो वाढते. वाढला का अजून पाडाले लावते."

"म्हंजे पाहुणा आला, घरच्याच माणसाइले घर पाडाले लावलं, अन् मलब्यावर पंगत मांडून बसला?"

"मावशी! हे मी प्रबंधात लिहू का?"

"लिही. पण खाली नाव माहं टाकजो."

हसलो आम्ही दोघी. पण त्या दिवशी घरी गेले आणि भाकर गिळली नाही.

कारण माझा माणूस सहा महिने म्हणत होता, "कंबर दुखते गं." आणि मी काय म्हणायची? "बैलामागं चालणाऱ्याची कंबर दुखनच, त्यात काय नवल सांगून राह्यले?" तेल आणि हळद गरम करून चोळून द्यायची. जोर लावून. दुखणं राहिलं तर वाटायचं, माझा जोर कमी पडला, आणखी जोर लावायची. एक दिवस तो खाटेवरून उठला आणि मांडीचं हाड मोडलं. पडला नाही, कुठं आदळला नाही, नुसता उठला. मग कळलं की कॅन्सर दुसरीकडून येऊन हाडांत बसलाय. डॉक्टरांनी तेव्हा काही सांगितलं असेल, मला ऐकू आलं नसेल. त्याच्या हाडात काय चाललं होतं ते मला पाच वर्षांनी उंदरानं सांगितलं.

जाऊ द्या. तुम्ही हसायला बसला आहात.

तर त्या दिवसापासून माझी त्या बाराजणींशी बोलचाल सुरू झाली. घरी कोणाशी बोलणार? भिंतीशी? भिंत कान टवकारत नाही, उंदरीण टवकारते. पिंजरा धुता धुता मी त्यांना सगळं सांगायची. भाजी कशी महागली, शेजारीण मला बघून दार कसं लावते, फोनवर पोरगी 'जेवली का' सोडून काही विचारत कशी नाही. हळूहळू मी त्यांना नावंही ठेवली. कोण लंगडते, कोण किती लंगडते, कोण दुसरीच्या तोंडचा दाणा ओढते, सगळं पाठ.

आणि पोळा आला.

स्नेहल कोरपन्याला गेली. तिचे सर मूळचे पुण्याचे, सुट्टीच्या दिवशी ते घराबाहेर पडत नाहीत. पण उंदरांच्या पोटाला सुट्टी नसते, म्हणून मलाही नसते. सकाळी उठून सवयीनं पुरणपोळ्या केल्या, चार. माणूस एक आणि पोळ्या चार काऊन, ते विचारू नका.

जनावरघरात आले तर सारी इमारत सामसूम. लांब कुठंतरी बैलांच्या गळ्यातल्या घाट्या वाजत होत्या. आणि माझ्या हाताला खाज सुटली. तुम्ही शेतकरी असाल तर कळेल. पोळ्याच्या दिवशी जनावराच्या अंगावर पाणी पडलं नाही, पाठीवरून हात फिरला नाही, तर हात हातासारखे वाटत नाहीत. आमचे मोऱ्या आणि चांद्या तर विकले. पण मी म्हटलं, पार्बते, तुझ्या हाताखाली जनावरं तर आहेत! बारा आहेत! सगळी कामावरची! यांचं जू मानेवर नाही, पायाच्या हाडात आहे, एवढाच काय तो फरक.

झालं. डोक्यात शिरलं की शिरलं.

प्लास्टिकचा टब घेतला. कोमट साबणाचं पाणी. एकेकीला उचलून अंघोळ. बैलाला घासतात तशा शेपट्या घासल्या, मुळापासून टोकापर्यंत. पाणी निळं झालं. मला कळलं हो, रेघा गेल्या म्हणून! एवढी काही मी येडी नाही. पण मी म्हटलं, मले कुठी रेघा लागते? मी तोंडावरून ओळखते. पोरगी आली की काढील पुन्हा. सणाच्या दिवशी शेपटीला शाई बरी दिसते का?

बाराही जणींना खिडकीच्या उन्हात जुन्या टॉवेलवर वाळवलं. मग खांदशेकणी. ती असते पोळ्याच्या आदल्या दिवशी. जू ओढून ओढून बैलाचे खांदे दुखतात, म्हणून त्यांना तूप आणि हळद लावून शेकतात. पण आदल्या दिवशी सर होते, स्नेहल होती. म्हणून दोन्ही सण एकाच दिवशी उरकले. डब्यात घरून पोळ्या आणि तूप आणलंच होतं, हळदीची पुडी बाहेरच्या दुकानातून आणली. तुपात हळद कालवली आणि प्रत्येकीच्या डाव्या पायाला लावली. बोटाच्या टोकानं. या वेळी जोर लावला नाही.

मग हात जोडले आणि गावी म्हणतो तसं म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आणि उद्यापर्यंत कशाला थांबा, म्हणून पुरणपोळीचा चुरा तिथंच वाढला. सात नंबरनं पुरण खाल्लं आणि वर माझं बोट चावलं. सगळ्यांना आपापल्या पिंजऱ्यात घातलं. उरलेल्या पोळ्या त्यांच्यासमोर स्टुलावर बसून मी खाल्ल्या. पाच वर्षांत मला पोळा पोळ्यासारखा वाटला तो त्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी स्नेहल गावाहून तशीच पिशवी घेऊन कामावर आली. मी नळावर बाटल्या धूत होते. आतून किंकाळी आली.

"मावशीऽऽ! ह्या पिवळ्या पडल्या!"

उंदराची जात दिवसभर स्वतःला चाटते, हे मला ठाऊक पाहिजे होतं. पायाची हळद तोंडाला, तोंडाची मिशीला, मिशीची पोटाला! सकाळपर्यंत बाराही जणी जणू हळदीच्या मांडवातून उठून आलेल्या. मी तोंड उघडणार, एवढ्यात स्नेहल रडायलाच लागली.

"कावीळ झाली मावशी! औषधानं लिव्हर गेलं! माहं सारं काम गेलं!"

तिचा चेहरा बघितला आणि माझी जीभ टाळूला चिकटली. मी! जिच्या तोंडाला आमच्या गावचा पोलीस पाटील घाबरायचा! डोक्यात एकच. हे सांगितलं तर नोकरी जाते. नोकरी गेली की मी आहे, भिंत आहे आणि रविवार आहे.

तोवर तिनं सरांना फोन केला. सर आले, शर्टाची बटणं खालीवर लावलेली. त्यांनी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर आले ते मास्क लावून, दोन-दोन हातमोजे घालून. एकीला उचलून डोळा बघितला.

"डोळे लाल आहेत."

"डॉक्टर, या जातीचे लालच असतात," सर म्हणाले.

"हं. म्हणजे डोळ्यांवरून कावीळ समजायची नाही." डॉक्टरांनी शेपटी उचलली. "नंबर कुठे आहेत?"

सगळे वाकून बघायला लागले. बारा शेपट्या कोऱ्या करकरीत.

"बाप रे! कातडीसुद्धा सुटतेय!" डॉक्टर म्हणाले. "शाईसकट साल निघून गेली. हे साधं दिसत नाही."

आता बघा, साबणाचं काम होतं ते! पण शिकलेल्या माणसांना साबण सुचत नाही. सरांनी औषध बंद करायला सांगितलं, सगळ्यांना पाणी उकळून प्यायला सांगितलं, दाराला 'आत येऊ नये' असा कागद लावला. मी कोपऱ्यात उभी. डॉक्टर सहज वळले आणि त्यांची नजर माझ्या हातांवर गेली.

माझी नखं! बोटं! पिवळीजर्द!

"बाई," डॉक्टर दोन पावलं मागं सरकले, "तुम्हाला हे कधीपासून आहे?"

"काय?"

"सर, उंदरांचं यांना लागलंय! किंवा यांचं उंदरांना!"

अरे देवा! दोन मिनिटांत मला बाहेर व्हरांड्यात खुर्चीवर बसवलं. दहा हात लांब. कोणी जवळ जायचं नाही. सर गाडी बोलवायला फोन लावायला लागले. सात नंबरच्या पिंजऱ्यावरचं कार्ड आठवलं मला. माझ्याही गळ्यात बांधायचं राहिलं होतं.

स्नेहल मात्र आली. लांबूनच पाण्याची बाटली जमिनीवरून माझ्याकडे सरकवली. रडून डोळे सुजलेले.

"मावशी, पोट दुखते का? खरं सांगा! मी तुमच्याजवळ थांबते दवाखान्यात. घाबरू नका."

"तुहं काम?"

"काम गेलं चुलीत! तुमाले काई झालं तर?"

खरं सांगू? तेव्हा मी गप्प राहिले ते नोकरीच्या भीतीनं नाही. पाच वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्यासाठी घाबरलं होतं. मी चोरी केली. आणखी दोन मिनिटं तशीच बसून राहिले.

तेवढ्यात आतून डॉक्टरांचा आवाज आला. "असं अंदाजानं चालणार नाही. एकीला आत्ताच कापू आणि लिव्हर बघू. कुठलीही द्या."

मी खुर्चीवरून उठले आणि आत घुसले. डॉक्टरांचा हात पिंजऱ्यात होता.

"हात बाहेर काढा! कावीळ नाई ते! हळद हाये!"

डॉक्टरांनी हात बाहेर काढला.

"हळद म्हणजे?" सर म्हणाले.

"हळद म्हंजे हळद! भाजीत घालते ते! अन् शेपट्या मी घासल्या. काल पोळा होता ना, सर! त्याइले अंघोळ घातली, खांदशेकणी केली, पुरण चारलं. मराच्या त्या हायेतच, मले माहीत हाये. पण माह्या हळदीपायी काऊन मरावं?"

डॉक्टरांनी मास्क खाली ओढला. उंदराच्या पायाचा वास घेतला. "तूप पण आहे," ते म्हणाले.

सरांनी डोकं धरलं. "आता मी वहीत काय लिहू? पोळ्यानिमित्त प्राण्यांना हळद, तूप आणि पुरण देण्यात आलं?"

स्नेहलच्या हातात कोणीतरी चहा दिला होता. तो इथं नाकातून आला.

"सगळ्याइले सारखीच लावली, सर," मी म्हटलं. "औषधवाली अन् पाणीवाली, दुजाभाव नाई केला."

"तेवढंच नशीब!" सर म्हणाले, आणि मग त्यांचा आवाज उतरला. "पण पार्बताबाई, तुम्ही सगळ्या एका टबात घातल्या. परत बरोबर पिंजऱ्यात गेल्या कशावरून? कोणाला औषध मिळालं आणि कोणाला पाणी, हेच कळत नसेल तर हिचं काम मातीत. आणि मग तुम्हाला मी इथं ठेवू शकणार नाही."

"मी ओळखते ना!"

"पांढरी उंदरं? बारा? तोंडावरून?"

"तुमी तुमच्या वर्गातली पोरं ओळखते का नाई? मग?"

सर म्हणाले, दाखवा. मागच्या आठवड्यातल्या फिल्म होत्याच, प्रत्येकीवर नंबर. हाडातली भोकं प्रत्येकीची वेगळ्या जागी. ठरलं असं, की सर एकेक उंदीर काढणार, मी नंबर सांगणार, आणि स्नेहल नवा एक्स-रे काढून जुन्याशी ताडून बघणार. मला पाठमोरी उभी केली आणि सरांनी सगळ्या त्याच टबात मिसळल्या. परीक्षाच की! चौथीनंतर पहिली.

"ही?"

"तीन नंबर. माही थोरली जाऊ. दुसरीच्या तोंडचं ओढते."

स्नेहलनं फिल्म बघितली. "बरोबर!"

"ही?"

"अकरा. आमची आत्या. लंगडते कमी, कण्हते जास्त. औषधवाली."

"बरोबर!"

"ही?"

"सरपंचीण. सहा नंबर. पाय टेकवतच नाई बिचारी. पाणीवाली."

"बरोबर, सर!"

"आणि ही?"

"पाच. हिचं नाव नाई सांगत."

"का?"

"मीटिंगमंदी डोळे उघडे ठेवून झोपल्यासारखी बसते."

सरांनी घाईनं पुढची उचलली. स्नेहल फिल्मआड गेली.

अशा अकरा झाल्या. अकराच्या अकरा बरोबर! सरांचा चेहरा उजळला. बारावीला त्यांनी उचलायला बोट पुढं केलं आणि "आई गं!" करून मागं घेतलं.

"सात," मी म्हटलं. "तिले काई नाव नाई ठेवलं मी."

"का बरं? सगळ्यांना ठेवलंत."

"नाव ठेवाच्या लायकीची नाई ते! खडूस! एकटी राहते, कोणी जवळ गेलं का चावते. दिवसभर आपलाच पिंजरा साफ करत बसते, भुसा इकडून तिकडं, तिकडून इकडं. अन् सारखी तोंडातल्या तोंडात काईतरी पुटपुटते. असं कुठी वागते का कोणी?"

सरांनी खोकल्यासारखं केलं. डॉक्टर भिंतीकडे बघायला लागले. स्नेहल लाल झाली.

"मावशी," ती म्हणाली, "तिचं नाव आम्ही ठेवलं हाये."

"कोणतं?"

तिनं सात नंबरच्या पिंजऱ्यावरचं कार्ड काढलं आणि उलटं करून माझ्या हातात दिलं. मागच्या बाजूला पेन्सिलनं लिहिलेलं होतं, 'पार्बता.'

आता काय बोलणार? बोलले खूप. कोणाकोणाला काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. नोकरी मात्र राहिली. त्या दिवसापासून चहाची किटली माझ्या स्टुलाशी येते आणि स्नेहल तिथंच बसून पिते.

पंधरा दिवसांनी तिचं काम संपलं. ते संपतं तेव्हा काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. बाराजणींचे पिंजरे मी धुतले. सातवा सगळ्यात शेवटी. तो आधीच स्वच्छ होता.

कार्ड फेकलं नाही. माझ्या खोलीच्या दाराला लावलंय, नावाची पाटी म्हणून. दोरी एकच आहे, त्यामुळं वारा आला की ते उलटतं आणि मागची बाजू पुढं येते: 'एकटी ठेवणे. चावते.' शेजारीण म्हणते, "बाई, खिळा ठोकून घ्या ना." मी म्हटलं, राहू दे. दोन्ही बाजूंनी पत्ता बरोबरच आहे.